जांगल देशातील शेती : शंभर वर्षांचे संशोधन आणि वैद्याची जबाबदारी

आयुर्वेदाच्या अध्ययनास आरंभ करतानाच आपण देशाचे तीन प्रकार शिकतो : जांगल, आनूप आणि साधारण. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात जांगल देशाचे जे वर्णन आहे, ते वाचताना सह्याद्रीच्या पूर्वेकडील माळरान डोळ्यांपुढे उभे राहते. मोकळे आकाश, विरळ वृक्ष, खैर, बोर, शमी, धावडा, रूक्ष वारा, वातपित्तप्रधान प्रकृती आणि स्थिर, काटक शरीराची माणसे. याच संहितेच्या सूत्रस्थानात अग्र्यांची गणना करताना आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीस श्रेष्ठ मानले आहे आणि अहितकर देशांमध्ये आनूप देशास पहिले स्थान दिले आहे.

आरोग्याला श्रेष्ठ ठरलेली ही भूमी पोटाला मात्र सदैव अपुरी पडत आली. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ दख्खनमध्येच पडला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, ते लोक अद्याप आपल्यात आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. जेथील हवा निरोगी, तेथील माणूस उपाशी, असा हा विरोधाभास आहे. तो दूर करण्यासाठी शेतीशास्त्रज्ञांनी शंभर वर्षे जे परिश्रम केले, त्यांची ओळख आपल्या व्यवसायबंधूंस फारशी नाही. वस्तुतः आपली अनेक पथ्यधान्ये आणि कित्येक औषधिद्रव्ये याच जमिनीतून येतात.

प्रस्तुत लेखकास या विषयाकडे वळविले ते एका रुग्णाने. मंगळवेढ्याकडील हा प्रौढ शेतकरी प्रमेहाच्या तक्रारी घेऊन आला होता. आहार सांगताना नेहमीच्या सवयीने ज्वारीची भाकरी खाण्याचा सल्ला दिला. त्यावर तो हसून म्हणाला, "वैद्यबुवा, ज्वारी घरचीच हाय. पर ती आम्ही इकतो आन् रेशनचा गहू-तांदूळ खातो. कडबा तेवढा जनावराला ठेवतो." ज्या रानात पथ्य पिकते त्याच रानाचा मालक अपथ्य खात होता, आणि त्यामागे निष्काळजीपणा नसून घरखर्चाचा हिशेब होता. हा हिशेब समजून घेतल्यावाचून आपला आहारोपदेश कोरडाच राहणार, हे त्या दिवशी ध्यानात आले.

पावसाचे गणित

देशानुसार पाऊस मोजण्याची दृष्टी आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात जांगल देशासाठी १६ द्रोण आणि आनूप देशासाठी त्याच्या दीडपट पाऊस सांगितला आहे. गोदावरीच्या परिसरातील अश्मक देशासाठी साडेतेरा द्रोण व अवंतीसाठी २३ द्रोण असे मान दिले असून अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणाच्या बाजूस, तो अमित म्हटला आहे. आजचे पर्जन्यमापकही हाच क्रम दाखवितात. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस माण-फलटणच्या बाजूला तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. सोलापुरास सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस मिळतो.

परंतु सरासरी फसवी असते. सोलापूरचा पाऊस मृगात थोडा येतो, जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक आठवडे दडी मारतो आणि सप्टेंबरमध्ये एकाएकी कोसळतो. काही तासांत पडलेला पाऊस काळ्या चिकण मातीत मुरण्यापूर्वीच वाहून जातो व जाताना सुपीक माती घेऊन जातो. म्हणून अवर्षणप्रवण भागात पाऊस किती पडतो यापेक्षा त्यातील ओल जमिनीत किती टिकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. भारतातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे निम्मे आणि महाराष्ट्रातील सुमारे चार पंचमांश क्षेत्र पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे या प्रश्नाची व्याप्ती एखाद्या जिल्ह्यापुरती नाही.

मांजरी ते सोलापूर

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाला. पुढे तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या साहाय्याने १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर, १९३४ मध्ये रायचूर व हगरी आणि १९३५ मध्ये रोहतक येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली. सोलापूरच्या कार्यात ना. वि. कानिटकर यांचे नाव अग्रगण्य आहे. भारतातील कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. या संशोधनातून जी पद्धत सिद्ध झाली, तिला 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धत' असे नाव मिळाले. शेताला बांध घालणे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करणे, शेणखत देणे, बियाणे कमी वापरून दोन ओळींत अंतर वाढविणे आणि वारंवार कोळपणी करणे, ही तिची मुख्य अंगे होत.

या पद्धतीने उत्पन्न किती वाढले? हेक्टरी २०० ते ४०० किलो धान्य देणाऱ्या जमिनीत सुमारे १५ ते २० टक्के. म्हणजे मोठ्या कष्टाने एखादे पोते अधिक! शेतकऱ्याने ही पद्धत संपूर्णपणे का स्वीकारली नाही, याचे उत्तर या आकड्यातच आहे. मातीची काळजी घेणारी पद्धत सापडली होती. पण तिला प्रतिसाद देणारे वाण आणि पोषक द्रव्यांची जोड अद्याप मिळाली नव्हती. संशोधनात उपयुक्त ठरलेले सारे व्यवहारात परवडतेच असे नाही, हा पहिला धडा सोलापूरने दिला.

स्वातंत्र्यानंतर या कार्याचा विस्तार झाला. थरच्या वाळवंटासाठी जोधपूर येथे १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजेच 'काझरी', आकारास आली. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला व सोलापूर हे त्याचे एक केंद्र बनले. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये हैदराबाद येथेच केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था, म्हणजे 'क्रिडा', उभी राहिली.

मालदांडीने शिकविलेला धडा

दुसरा धडा ज्वारीने दिला. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढण्यात आला. पुढे १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. ठेंगण्या, भरघोस दाण्यांच्या संकरित ज्वारीने खरीप हंगामात उत्पन्न वाढविले. रब्बीचा शेतकरी मात्र मालदांडी सोडण्यास तयार झाला नाही. काहींनी त्यास अडाणी म्हटले. परंतु त्याची दृष्टी अधिक व्यापक होती. त्याला टपोरा, मोत्यासारखा दाणा हवा होता, मऊ भाकरी हवी होती, थंडीत आणि ओसरत्या ओलीत तग धरणारे ताट हवे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैल व गाय जगविणारा उंच, गोड कडबा हवा होता. दुष्काळी वर्षात कडब्याचे मोल कधीकधी दाण्याच्या बरोबरीला येते, हे त्यास अनुभवाने ठाऊक होते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

एका दोषाचे शमन करताना दुसऱ्याचा प्रकोप होऊ नये, ही चिकित्सेची मूलभूत कसोटी आपण जाणतो. ती येथेही लागू पडते. दाणा वाढला आणि कडबा घटला, तर ते शेतीचे शुद्ध चिकित्सित नव्हे. शास्त्रज्ञांनीही हे मान्य केले आणि संशोधनाची दिशा बदलली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नंतर जमिनीच्या खोलीनुसार वाणांची शिफारस केली : हलक्या जमिनीसाठी 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीसाठी 'फुले सुचित्रा', भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा'. प्रत्येक रुग्णास एकच कल्प न देता बल, प्रकृती व सात्म्य पाहून योजना करावी, तसाच हा विचार आहे.

ओल धरून ठेवण्याची युक्ती

रब्बी ज्वारीचे तंत्र पाहिले की कोरडवाहू संशोधनाचे सार कळते. हे पीक पेरले जाते पावसाळा संपता संपता, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. आणि वाढते ते जमिनीत साठलेल्या ओलीवर. म्हणून पेरणीपूर्वी, पावसाळ्यातच, शेतात सुमारे १० मीटर लांब व तितक्याच रुंदीचे वाफे पाडून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे लागते. पेरणीच्या वेळी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर व हेक्टरी सुमारे १० किलो बियाणे ठेवतात. ताटांची गर्दी झाली की ओलीचे वाटेकरी वाढतात आणि कणसे भरण्यापूर्वीच जमीन कोरडी पडते.

त्यानंतर कोळपणी. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, अशा तीन कोळपण्यांची शिफारस आहे. पहिल्या दोन कोळपण्यांनी तण जाते व वरच्या थरातील मातीची सलगता मोडते. त्यामुळे खालची ओल वर खेचली जाऊन उडून जात नाही. तिसऱ्या कोळपणीने भेगा बुजतात. काळी जमीन हिवाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल निघून जाते. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात, ते याच कारणाने. शेततळ्यात साठविलेले एखादे संरक्षित पाणी पीक पोटरीत असताना देता आले, तर उत्पन्नात मोठा फरक पडतो.

यात महागडे असे काही नाही. वेळेचे भान मात्र फार लागते. कोळपणी आठवडाभर लांबली तर गेलेली ओल परत येत नाही. ज्या घरात बैल उरले नाहीत आणि तरुण मुले कामासाठी शहरात गेली आहेत, तेथे ही सोपी शिफारसही अवघड होऊन बसते.

भाकरी आणि पांडुता

अन्नातील गुणवत्तेवरील संशोधन हा आपल्या अभ्यासाशी सर्वांत निकट असलेला भाग आहे. इक्रिसॅट व राहुरीचे विद्यापीठ यांनी मिळून लोहाचे प्रमाण अधिक असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण सिद्ध केला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१८ पासून बाजरीच्या नव्या वाणांसाठी लोह व जस्त यांचे किमान प्रमाणच ठरवून दिले आहे. आजवर वाणाची परीक्षा पोत्यांच्या संख्येवर होत असे. आता ती दाण्याच्या पोषणमूल्यावरही होऊ लागली आहे.

या बाजरीची परीक्षा माणसांवर झाली, तीही आपल्याच राज्यात. तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांत १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींना दोन गटांत विभागून सहा महिने रोजच्या दोन्ही जेवणांत बाजरीची भाकरी दिली गेली : एका गटास लोहयुक्त वाणाची, दुसऱ्यास नेहमीच्या वाणाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आरंभी ज्यांच्या शरीरात लोहाची कमतरता होती, त्यांची ती भरून येण्याची शक्यता लोहयुक्त बाजरीच्या गटात १.६४ पट होती. पांडुरोग आणि लोहाची कमतरता ही दोन्ही एकच नव्हेत, हे आपण जाणतो. तथापि औषधाची एकही मात्रा न देता, केवळ रोजच्या भाकरीतील धान्य बदलून हा परिणाम साधला, ही गोष्ट आहारास महाभैषज्य मानणाऱ्या आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. बाजरीच्या पिठातील स्नेहांशावर विकरांची क्रिया होऊन ते काही दिवसांतच कडवट होते. रुग्णास बाजरी सांगताना थोडे थोडे ताजे दळून आणण्यास सांगणे आवश्यक आहे. अन्यथा पहिल्या कडू घासासरशी पथ्य सुटते.

पथ्याच्या दृष्टीने ही धान्ये नवी नाहीत. श्यामाक, कोद्रव आदी तृणधान्यांना संहितेने लघु, रूक्ष व कफपित्तघ्न म्हटले आहे, संतर्पणोत्थ व्याधींत त्यांचा उपयोग सांगितला आहे आणि प्रमेहात यवप्रधान आहार विहित केला आहे. मात्र १९६० च्या सुमारास देशात सुमारे १.८ कोटी हेक्टरांवर असलेली ज्वारी आता ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्याने शहरात या धान्यांची प्रतिष्ठा वाढली, हे चांगलेच झाले. त्या प्रतिष्ठेचा लाभ मंगळवेढ्याच्या रानापर्यंत पोहोचतो काय, हा खरा प्रश्न आहे.

अश्वगंधा आणि गुग्गुळु

कोरड्या भूमीचे दुसरे देणे म्हणजे औषधिद्रव्ये. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच या जिल्ह्यांत अश्वगंधेची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती पेरतात आणि पाच-सहा महिन्यांनी मुळे खणून काढतात. पाणी साचले की मूळ कुजते. म्हणजे जी जमीन इतर पिकांना कनिष्ठ, तीच अश्वगंधेस मानवते. मंदसौरच्या संशोधनातून 'जवाहर असगंध-२०' व 'जवाहर असगंध-१३४' हे वाण निघाले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'पोषिता' हा वाण दिला. रानातून मिळेल ते मूळ गोळा करण्याऐवजी ज्ञात वाणाची, ठरावीक वयाची व स्वच्छ वाळविलेली मुळे मिळणे, हे आपल्या चूर्णाच्या गुणवत्तेसाठीही अगत्याचे आहे.

गुग्गुळूची स्थिती मात्र चिंताजनक आहे. राजस्थान, कच्छ व सौराष्ट्रातील खडकाळ जमिनीत वाढणारे हे झुडूप अतिशय मंद गतीने वाढते. निर्यास देण्यायोग्य होण्यास त्यास आठ-दहा वर्षे लागतात. अधिक डिंक मिळावा म्हणून खोल चिरा पाडल्या की निर्यास भरपूर येतो आणि झुडूप मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या वनस्पतीची गणना अतिसंकटग्रस्त गटात केली आहे. काडीपासून रोपे करणे, चिरा किती खोल व कोणत्या ऋतूत द्याव्यात हे निश्चित करणे, यांवर शुष्क क्षेत्रात संशोधन झाले आहे. इथेफॉन हे द्रव्य वापरून निर्यास अनेक पटींनी वाढविता येतो हे सिद्ध झाले. पण मात्रा चुकली तर तेही झुडपाच्या जिवावर बेतते. योगराज, कैशोर, त्रिफळा असे किती गुग्गुळुकल्प आपण प्रतिदिनी लिहून देतो! ज्या झुडपावर हे सारे अवलंबून आहे ते पुढील पिढीस दिसावे, ही जबाबदारी केवळ शास्त्रज्ञांची खासच नाही.

आपण काय करावे

शेतीसुधारणा हे वैद्याचे कार्य नव्हे, हे मान्य करूनही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली गोष्ट म्हणजे पथ्य सांगताना रुग्णाच्या घरात काय पिकते व काय शिजते, हे विचारावे. ज्वारी विकून गहू खाणाऱ्यास निदान घरापुरती ज्वारी राखण्याचा लाभ त्याच्याच भाषेत समजावून सांगावा. दुसरी गोष्ट, शहरातील रुग्णांना तृणधान्य सांगताना ते शक्यतो थेट उत्पादकांकडून घेण्यास सुचवावे. तिसरी गोष्ट, औषधी खरेदी करताना द्रव्य कोठून आले, लागवडीचे की रानातले, कोणत्या ऋतूत काढलेले, हे विचारण्याचा प्रघात पाडावा. खरेदीदारांनी विचारणा केली तरच व्यापारी उत्तर शोधू लागतील. चौथी गोष्ट, गुग्गुळुकल्पांची योजना खरोखर आवश्यक असेल तेव्हाच, योग्य मात्रेत व योग्य काळापुरती करावी. आणि ज्यांच्या गावाजवळ कृषी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे. तेथील शास्त्रज्ञांना पथ्यधान्यांविषयी आपणांस सांगता येईल आणि आपल्यालाही पुष्कळ शिकता येईल.

तो मंगळवेढ्याचा शेतकरी पुढील खेपेस आला तेव्हा त्यास विचारले, यंदा किती ज्वारी ठेवली? म्हणाला, "तीन पोती. बायकोनं कणगीत भरली." वर्षभरास ती पुरणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते आणि लेखकासही. तरीही आहारपत्रकातील त्या एका ओळीस प्रथमच काही आधार मिळाला होता. ज्वारीला पुरेसा भाव, शेतात टिकणारी ओल आणि घरात शिजणारी भाकरी या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर मरुभूमीस आरोग्यात श्रेष्ठ म्हणणारे आचार्यांचे वचन या दुष्काळी पट्ट्यातही सार्थ होईल. इत्यलम्.